सरकीचं पोतं

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची मुळं इतर बोटांपेक्षा जाड आहेत. तर्जनी आणि मधलं बोट जिथून सुरू होतं, तिथली हाडं. आता वयानं सगळ्याच हाताला गाठी आल्या आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळतो. लिहिता लिहिता मी थांबते आणि डाव्या अंगठ्यानं ती हाडं चाचपते. माझं लिहिणं हळू होतं ते त्यामुळेही.

भाऊबद्दल लिही, असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यांना हवं असतं ते असं, की तो किती गुणी होता आणि किती लवकर गेला. तसं मी लिहिणार नाही. तो गुणी होता तसा तापटही होता, आणि लवकर गेला यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं. मी पोत्याबद्दल लिहिणार आहे. कोणाला ते शोभत नाही असं वाटलं तर वाटो. तेव्हाही वाटलंच होतं.

आमचं घर जळगावात जिनांच्या रस्त्याला होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. साठचं दशक सरत आलं होतं. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते एका जिनात काट्यावर कारकून होते. कापसाच्या गाड्या यायच्या, आबा वजन लावायचे, आणि एकदा त्यांनी तोंडानं वजन उच्चारलं की शेठही ते बदलत नसत. थंडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर रुईचे पुंजके उडायचे, आणि जिनाच्या मागे सरकीचे ढीग लागलेले असायचे, घराएवढे उंच.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कॉलेजला तो धुळ्याला होता. तिथे एक निवृत्त फौजी संध्याकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवत, त्यांच्याकडे हा जाऊ लागला. परीक्षा झाली, जळगावात नोकरी लागली, तो परत आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आबा, ठोसे मारायला तिथल्यासारखं पोतं मला घरी पाहिजे." आबांनी जिनातून जाड बारदान आणलं. ते दुहेरी शिवलं. भरायचं काय, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आमच्या रस्त्यावर पोतं म्हटलं की त्यात सरकी. झाडलोटीची सरकी आली, भाऊनं ती पायानं दाबून दाबून भरली, दाभणानं तोंड शिवलं आणि घरामागच्या पत्र्याच्या छपरात, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचायच्या जागेशेजारी, तुळईला ते टांगलं. टांगायला चार माणसं लागली. भाऊला त्या वजनाचा फार अभिमान होता.

रोज संध्याकाळी नोकरीवरून आला की तो मागे जायचा. धप्, धप्, धप्. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भांडी पडतीन रे मांडणीवरनी!" मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायचे. वाचायचे कमी, त्याच्या पायांकडे बघायचे जास्त.

वैशाखात त्याला कावीळ झाली, आणि वैशाखातच तो गेला.

गंधमुक्तीच्या दिवशी सोयरे दुखवटा घेऊन आले. आमच्याकडे ही रीत आहे. तेराव्याला नातेवाईक घरच्या पुरुषांना टोपी, उपरणं, फेटा आणतात, बायकांना लुगडं. आबांच्या डोक्याला एकामागून एक फेटे लावले गेले आणि उतरवून शेजारी ठेवले गेले, आणि त्यांच्या मांडीशी पांढऱ्या मलमलीचा ढीग साचला. लग्न न झालेल्या मुलाच्या दुखवट्याचं कापड. ते कोण अंगावर घालणार? आणि देऊन तरी कोणाला टाकणार? आईनं ते सगळं घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर पाट ठेवला.

भाऊचे कपडे मात्र वाटून टाकले. ते काम माझ्या फुईनं केलं, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं. ती पारोळ्याहून आली होती आणि महिनाभर राहणार होती. गाठोड्यात तिनं कपड्यांबरोबर भाऊचे चामड्याचे हातमोजेही बांधले. मला कळलं तेव्हा गाठोडं गेलं होतं. पोतं तेवढं राहिलं, कारण ते कपड्यांत मोडत नव्हतं आणि एकट्यादुकट्याला उतरवण्यासारखं नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर घरातली संध्याकाळ मोकळी पडली. तो आवाजच नव्हता. आई दादर निवडत बसली होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. मी मागे गेले. पोत्यासमोर उभी राहिले आणि मारला ठोसा.

आवाज आला, धप्. आणि घरात सूप पडल्याचा आवाज आला.

आई दारात आली. त्या क्षणी तिचा चेहरा कसा होता ते मी लिहिणार नाही. मग तिला मी दिसले.

"तू शे का?" तू आहेस का, असं ती म्हणाली.

"मी शे, माय."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. बसून राहिली. मी पुन्हा मारला, पुन्हा मारला. पहिल्याच ठोशाला माझं मनगट आतल्या बाजूला मुडपलं होतं आणि कोपरापर्यंत कळ गेली होती, पण ती बसली होती म्हणून मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात घातला तर मूठ मिटेना. भाकर थापताना मी डाव्या हातानं थापत होते. फुई चुलीशी बसली होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हात दखाड बरं."

"काही नही फुई."

"दखाड म्हंतस ना!" तिनं माझा हात ओढला. "काही नही? आन् हाई काय शे? हात शे का भरीतनं वांगं?"

हात खरंच तसा दिसत होता, जांभळा आणि गोल. आईनं हळद गरम केली आणि लेप लावला. फुईनं मात्र आबा दुपारी जेवायला यायची वाट पाहिली. ती आबांना नाना म्हणायची.

"नाना, तुन्ही आंडेर पोतं मारस. आंडेर शे का पहिलवान? लोके काय म्हंतीन? पोरगा गया आन् पोरगी येडी व्हयनी, आसं म्हंतीन. ते पोतं आज ना आज काढ."

आंडेर म्हणजे मुलगी. आबा घरातही बहुतेक कचेरीतली मराठी बोलत. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "उद्या हमाल बोलावतो," ते म्हणाले. "उतरवून टाकू."

"नाही," मी म्हणाले.

आमच्या घरात आबांना नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. भाऊसुद्धा त्यांना नाही म्हणत नसे, फक्त गप्प राहून करायचं ते करायचा. मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

"काय नाही?"

"पोतं उतरवायचं नाही."

"हात मोडून घेशील."

"नाही मोडणार."

"सुजलाय."

"परत सुजणार नाही."

आबा जेवायचे थांबले. काट्यावर एखादी गाडी शंकास्पद वाटली की ते असंच थांबत. "आणि सुजला तर?"

"तर उतरवा."

"ठीक," आबा म्हणाले. "ही सूज उतरू दे. त्यानंतर ज्या दिवशी सूज दिसेल, त्या दिवशी पोतं खाली. मी रोज हात बघेन."

फुईनं कपाळाला हात लावला. "काय बाप शे! आंडेरसंगे सौदा करस!"

पण बोलणं झालं होतं. आबा तोंडानं बोलले की ते ठरलं. आणि त्या दिवसापासून ते जिनातून आले की चपला काढायच्या आधी मी हात पुढे करायचे, दोन्ही बाजूंनी.

हे माझ्याकडून लिहून घ्यायला कोणी बसलेलं नाही, म्हणून सरळ लिहिते. मला दुःख विसरायचं नव्हतं. मन रमवायला म्हणून मी पोतं मारत नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका सांगत होत्या, रड, मोकळी हो, देवाचं नाव घे, पोथी वाच. रडायचं कसं हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची वेळ, जागा, आवाज सगळं ठरलेलं होतं. मला ते नको होतं. मला तो संध्याकाळचा आवाज घरात हवा होता, आणि तो काढायला एक हात लागत होता जो सुजणार नाही.

सूज उतरल्यावर मी हाताला रुमाल गुंडाळून पाहिलं. रुमाल सरकला. पंचा गुंडाळला, तर मूठच मिटेना. वाचनालयात जाऊन पाहिलं. मी पुस्तकात उत्तर शोधणारी मुलगी होते, दुसरं काही मला येत नव्हतं. सूर्यनमस्कारावर पुस्तक होतं, लाठीवर होतं, यावर नव्हतं. हलकेच मारलं तर आवाज येत नव्हता आणि जोरात मारलं तर मनगट भरून यायचं. दोनदा मी आबांना हात दाखवण्याआधी रांजणातल्या पाण्यात मनगटापर्यंत बुडवून बसले. दोन्ही वेळा थोडक्यात वाचले. असं फार दिवस चालणार नव्हतं.

भाऊची एक ट्रंक धुळ्यालाच राहिली होती, त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडे. आणू आणू म्हणत त्यानं ती आणली नव्हती. ज्येष्ठ संपता संपता आबा ती आणायला निघाले. मी म्हणाले, मीही येते. का, ते त्यांनी विचारलं नाही.

खोली पांझरेच्या बाजूला एका माडीवर होती. सोबती आता वकिलीचा अभ्यास करत होता. उंच, वाकून चालणारा, गळपट्टा नसलेल्या वकिलासारखा आताच दिसायला लागलेला. तोही भाऊबरोबर त्या फौजींकडे शिकला होता. त्यानं चहा सांगितला. ट्रंकेत पुस्तकं होती, एक स्वेटर होता, तेलाची रिकामी बाटली होती. आबांनी झाकण लावलं आणि ते खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत बसले.

"मला पोतं मारायला शिकायचंय," मी म्हणाले. "हात सुजू न देता."

सोबती माझ्याकडे बघत राहिला, मग आबांच्या पाठीकडे.

"सांगा तिला," आबा खिडकीशी बसूनच म्हणाले.

"मूठ करा बघू, ताई."

मी केली.

"अंगठा आत? एका ठोशात जाईल तो. बाहेर, असा, बोटांवरून. आता मारा माझ्या तळव्यावर. हळू." मी मारलं. "कोणत्या हाडावर लागलं?"

"करंगळीच्या."

"ती हाडं लेचीपेची. ही पहिली दोन, यांच्यावर लागलं पाहिजे. या दोन हाडांपासून कोपरापर्यंत एक रेघ आहे असं समजा. रेघ मोडली की मनगट मुडपलं. आणि मूठ आवळून का धरलीय? लागायच्या क्षणाला आवळायची. आधीपासून आवळली तर हात थकतो आणि थकलेला हात वाकतो."

मग त्यानं धोतराचा एक जुना पट्टा काढला, चार बोटं रुंद, लांबच लांब. मला बोटं ताणून पसरायला लावली. अंगठ्याला एक फास, मग मनगटाभोवती वेढे, मग तळहाताच्या मागून बोटांच्या हाडांवर, मग बोटांच्या बेचक्यांतून, आणि परत मनगटाला. "पसरलेल्या हातावर बांधायचं," तो म्हणाला. "मिटल्यावर आपोआप घट्ट होतं. मिटलेल्या हातावर बांधलं तर नुसतं लोंबतं. आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधायचं. कंटाळा नाही करायचा. तुमचा भाऊ कंटाळा करायचा, आणि मग माझ्याकडून मनगट चोळून घ्यायचा."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्या पायांकडे बघायचे. हातांकडे बघितलंच नव्हतं.

"तो आम्हाला नेहमी म्हणायचा, आमच्या घरचं पोतं येऊन मारून बघा, मग कळेल," सोबती म्हणाला. "काय भरलंय म्हटलं तर सांगायचा नाही. हसायचा."

"सरकी," आबा म्हणाले.

"काय?"

"सरकी भरलीय."

सोबत्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं, दुखवट्यातली माणसं, वडील समोर. पण ते दबेना. "सरकी! आबा, अहो, तुम्ही जळगावकर... इथे आम्ही शिंप्यांकडून चिंध्या आणून भरतो. तुमच्याकडे गाद्यांतसुद्धा सरकीच भरतात का?"

"रुई महाग," आबा म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलले. मी घाबरले. मग कळलं की ते हसत आहेत. वैशाखानंतर पहिल्यांदा.

"सरकी खाली बसते," सोबती डोळे पुसत मला म्हणाला. "वर मऊ, खाली दगड. भाऊ उंच, तो वर मारायचा. तुम्ही कुठे मारता?"

मी माझ्या खांद्याच्या उंचीवर हात धरला.

"बरोब्बर दगडावर," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी पदराखाली मूठ करत होते, सोडत होते. पारोळ्याला गाडी थांबली. आबा उतरून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले. फुईचं घर स्टँडपासून लांब नव्हतं, पण तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेंग फोडता फोडता ते म्हणाले, "चिंध्या कुठून आणशील?"

आषाढात पत्रा गळू लागला आणि पोत्याचा तळ भिजला. काही दिवसांनी त्याला खवट तेलाचा वास यायला लागला, आणि एका सकाळी बारदानाच्या विणीतून बारीक पांढरट कोंब बाहेर आलेले दिसले. सरकी उगवली होती. आबांनी ते बघितलं. "आता उतरवावंच लागेल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "भरायला," असं पुढे जोडलं.

जिनातली चार माणसं आली आणि पोतं खाली घेतलं. शिवण उसवली. वरची सरकी सुटी होती, खालची आंबून एकजीव झाली होती. तिचा गोळा पहारीनं फोडावा लागला. मी त्याच्यावर महिनाभर हात आपटत होते. आबांनी नवं बारदान आणलं. आईनं माळ्यावरून गोधड्यांसाठी साठवलेल्या चिंध्यांची बोचकी खाली टाकली, एकामागून एक. तिचं दोन गोधड्यांचं सामान होतं ते. चिंध्या सैल भरून, मधूनमधून काठीनं ठासून, वरपासून खालपर्यंत सारखं होईल असं आम्ही ते भरलं. आता ते पूर्वीपेक्षा हलकं झालं होतं आणि अंगठ्यानं दाबलं तर दबत होतं.

हाताला बांधायला पट्टे हवे होते. घरातलं एकही धोतर तेवढं लांब आणि मऊ नव्हतं. मी बघत होते पेटीकडे. मागायचं धाडस होईना, पण मी नजरही काढली नाही. आईनं पाट उचलला, पेटी उघडली आणि वरचा फेटा काढला. तो माझ्या मामांनी आणला होता.

नेमकी तेव्हा फुई आली होती, आखाजीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेचं, माहेरपण साधलं नाही म्हणून आषाढात चार दिवस राहायला. ती उठून उभीच राहिली. "दुखवटाना फेटा फाडतीस का काय व तू? पाप लागी!"

"घालस कोण?" आई म्हणाली. "तू घालशी?"

फुई परत खाली बसली. मला वाटतं आईनं तिला तोंडावर उत्तर दिल्याची ती पहिलीच वेळ.

फेटा लांबीला फाडायचा तर एकाचं काम नव्हे. एक टोक आईनं धरलं, एक मी. तिनं काठाला दातानं चीर दिली आणि आम्ही दोघी मागे मागे सरकत गेलो. ती चुलीकडे, मी मागच्या दाराकडे. मलमल फाटताना जो लांब सरसरता आवाज येतो तो संपेपर्यंत दोघींनी टोक सोडलं नाही. मग आई पट्ट्याची गुंडाळी करत म्हणाली, "भाऊना तो आवाज उना का मी चूल पेटाडू. आते कवय पेटाडानी तेच समजत नही."

भाऊचा आवाज यायचा तेव्हा ती चूल पेटवायची. आता केव्हा पेटवायची तेच तिला कळत नव्हतं. म्हणून ती त्या दिवशी उंबऱ्यावर बसून राहिली होती.

पुढचं सगळं मी हळूहळू शिकले, आणि त्यात मोठं काही नाही. रोज आधी हात बांधायचे, मग नुसतं पोत्याला स्पर्श करत राहायचं, हाडं जागेवर येतात की नाही बघत. मग जोर. पोतं अंगावर झुलत येत असताना घाईनं मारलं की मनगट मुडपतं, तेव्हा त्याला येऊ द्यायचं, टप्प्यात घ्यायचं, मग मारायचं. जवळून ढकलायचं नाही, हात लागला की लगेच मागे घ्यायचा. सलग रोज जोर करायचा नाही. एक दिवस जोर, दुसऱ्या दिवशी नुसता हलका हात. दादरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून मुठी आवळायच्या आणि सोडायच्या, त्यानं मनगट धरतं. ओली लुगडी मी पिळायला लागले, दोन्हीकडे फिरवून, आणि आईला ते काम करावं लागेना. राग आला असेल तेव्हा तर आधी पट्टा, मगच पोतं. राग घाईचा असतो. पट्ट्याला घाई चालत नाही.

आबा रोज हात बघत राहिले. बघायचे आणि चपला काढायचे. संध्याकाळी धप् असा आवाज आला की आई चूल पेटवायची. मी दार मात्र लावून घ्यायचे. शेजारी होते, येणारे-जाणारे होते. तेवढी भीती मला होती.

वर्षश्राद्ध झालं आणि वर्षभर थांबलेलं लग्नाचं बोलणं सुरू झालं. फुईनं दोंडाईचाचं स्थळ आणलं. धान्याचं दुकान, शेती, एकुलता एक मुलगा. ते बघायला आले तेव्हा मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई असे तिघं होते. मी पोहे दिले. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं. पुस्तकं वाचते असं फुईनं जरा दबूनच सांगितलं. मग मुलाच्या आईनं मला शेजारी बसवलं आणि माझा हात हातात घेतला, सुना निवडताना बायका घेतात तसा, मऊपणा बघायला.

तिचा अंगठा त्या दोन हाडांवर थांबला.

"हाई काय व पोरी? धुणं धुतीस का दगडं फोडतीस?"

मुलगा खाली बघून हसला. फुई घाईनं म्हणाली, "पडनी ती. पायरीवर. थोडी सूज शे, उतरी जाई."

सूज हा शब्द ऐकून मी आबांकडे बघितलं. आबांनी हातातली बशी खाली ठेवली होती. फुईला कळलं की काय, देव जाणे; पण त्या एका शब्दानं पाहुण्यांसमोर माझी लाजही राखली जाणार होती आणि पोतंही खाली येणार होतं. मी नुसतं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं.

"मी पडले नाही," मी म्हणाले. "मी पोतं मारते."

"पोतं?" मुलाचे वडील म्हणाले. "कशाचं?"

"आधी सरकीचं होतं. आता चिंध्यांचं आहे. माझा भाऊ मारायचा."

मुलाची आई माझा हात सोडायचाच विसरली. "आन् आते तू मारस?"

"रोज."

"नाना," फुई आबांना म्हणाली, "हात तर दख तिन्हा! सुजेल शे ना? तूच बोलना व्हता ना, सुजना का काढसू म्हणी?"

आबा उठले. खिशातून चष्मा काढून लावला. माझ्यापाशी येऊन त्यांनी मुलाच्या आईच्या हातातून माझा हात घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला. रुईचा नमुना बघताना ते असंच करत. अंगठ्यानं त्यांनी पहिलं हाड दाबलं, सोडलं, बघितलं. दुसरं दाबलं. मनगट दाबलं, सगळीकडून. दबलेल्या जागी खळगा पडला नाही. मला दुखलं नाही. पाहुणे बघत होते, पण आबांना पाहुणे दिसत नव्हते.

"सूज नाही," ते म्हणाले. "घट्टा आहे."

"एकच ते!" फुई म्हणाली.

"एक नाही," आबा म्हणाले. "सुजेचं ठरलं होतं. घट्ट्याचं ठरलं नव्हतं. पोतं राहील."

दोंडाईचाची माणसं चहा घेऊन, कळवतो म्हणून गेली. त्यांनी कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जाताना मुलगा दारात थांबून हळूच म्हणाला, "चिंध्या बऱ्या का?" मी म्हणाले, "सरकीपेक्षा बऱ्या." एवढंच आमचं बोलणं झालं.

फुई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. "असानी कोण करी इले?" ती स्वतःशीच बोलत होती. असल्या मुलीला कोण करणार? आबा पाहुण्यांच्या बशा स्वतः आत नेत होते, जे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती. आई चुलीपाशी बसली होती, काड्यांची पेटी हातात धरून, न पेटवता.

मी कोनाड्यातून पट्टे घेतले आणि ओसरीतच, फुईच्या समोर, बसून हात बांधायला लागले. बोटं पसरून, अंगठ्याला फास, मनगट, हाडं, बेचक्या, परत मनगट. मलमल धुऊन धुऊन मऊ झाली होती. तिच्यावर फेट्याचा काठ अजून दिसत होता. फुई बघत होती. उजवा झाला, मग डावा. डाव्याचं टोक मला एका हातानं खोचता येईना, नेहमीच अडायचं ते. मी ते दातात धरलं होतं, तेवढ्यात फुई पुढे सरकली आणि तिनं ते ओढून आत खोचलं, जरा जोरातच.

"कर काय करनं ते," ती म्हणाली.

मी मागे गेले. त्या दिवशी मी दार लावलं नाही.